दुसरा रविवार

महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी साडेपाच.
जागा गोकुळपेठेत. आता नावाला काय करणार,
दोनशे रुपयांत दुसरी खोली मिळत नाही
(पंखा लावला तर अडीचशे).
लांजेवार सरांच्या शिकवणीचं गणित फळ्यावर अर्धंच असतं,
त्याच्या खाली मी खडूनं लिहितो :
व्हीगन मित्रमंडळ. या, बसा.

अकरा खुर्च्या मांडतो.
चौघं येतात.
पाचवा आलाच, तर दारातूनच विचारतो,
भाऊ, दहावीची बॅच इथंच का?

समजावून सांगायचा आता कंटाळा येत नाही.
शाकाहारी नाही हो, त्याच्या एक घर पुढे.
दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही.
"मंग खाता तरी काय?"
तर्री-पोहे खातो.
पाटोडीचा रस्सा, सांबारवडी,
गोळाभात, त्यावर लसणाची कडकडीत फोडणी.
"हे तं आमचंच झालं!"
हाव. अर्धं नागपूर न सांगता आमच्यातच आहे,
चहाची वेळ होईस्तोवर.

प्रज्वला गजभिये जनावरांची डॉक्टर होणार आहे.
ती शेंगदाण्याचं दही लावून आणते,
तीनदा लावलं की एकदा लागतं.
उमरेडकर काका अजनीच्या शेडमधून रिटायर झाले,
ते स्पष्टच सांगतात,
गाईचं मला काही नाही, माझं कोलेस्टेरॉल आहे.
आणि निमजे वहिनी.
महालात यजमानांचं सावजी भोजनालय,
पहाटे चारला उठून मटणाचा मसाला वाटतात,
दुसऱ्या रविवारी तोच मसाला घालून आमच्यासाठी वांगी करतात.
पाटा तोच, तर हे आपल्यात बसतं का,
यावर एकदा तासभर वाद झाला.
वहिनी ऐकत होत्या.
मग म्हणाल्या, पाटा तीनदा धुतला, आता जेवा.
वांगी गार झाली होती. भांड्यात काही उरलं नाही.

चौथे धनराज बोकडे.
आडनावावरून सगळ्यांनी हसून झालं होतं, त्यांनी सर्वांत आधी.
मार्चपासून यायचे बंद झाले.
मग एक दिवस बर्डीवर दिसले, टपरीपाशी,
दोन्ही हातांत धरलेला ग्लास,
वर जाडसर साय, तिच्यावर फुंकर घालताना
मला पाहिलं त्यांनी.
मी तिथल्या तिथे वळलो
आणि समोरच्या दुकानातल्या चपलांचे भाव वाचू लागलो,
अस्सल चामडं, नऊशे नव्व्याण्णव,
जसं काही मला घ्यायच्याच होत्या.

घरी आल्यावर
काटोलची मावशी आठवली.
मे महिन्यात गेलो होतो. वरण-भातावर
तिनं तुपाची वाटी उपडी केली,
मी येणार म्हणून पाच दिवसांची साय साठवली होती.
बस बस म्हणालो,
पण तूप भातात उतरून गेल्यावर.
मंडळाच्या वहीत त्याची नोंद नाही.
वही माझ्याकडेच असते.

बोकड्यांना फोन केला.
पंखा दुरुस्त झालाय, म्हटलं.
बराच वेळ पलीकडून फक्त रस्त्याचा आवाज.
"चाय असते का तिथं?"
कोरी असते.
"पाहतो."

या रविवारी सव्वासहाला आले.
उमरेडकर काकांचं रक्त तपासणीचं कौतुक चालू होतं,
दही लागलं नव्हतं, सगळे ते ताक म्हणून पीत होते.
मागच्या ओळीत बसले. घाम पुसला.
वहिनींनी न विचारता ताट वाढलं.
निघताना खुर्च्या एकात एक घालताना
जवळ आले, हळूच म्हणाले,
सर, त्या दिवशी बर्डीवर...

हो ना, मी म्हटलं,
चपला फारच महाग झाल्या आहेत.